नकोसा मित्र पडद्यावर: पहिलं दार कोण उघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एक डार्क कॉमेडी लिहिताय. सोसायटीत नवा भाडेकरू येतो आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाशी मैत्री करायला हात धुऊन त्याच्या मागे लागतो. वाचनाला बसलेली मंडळी मध्यंतरापर्यंत मनापासून हसतात, पुढे गप्प होतात आणि शेवटी म्हणतात, "हा तर थ्रिलर झाला." 'द केबल गाय' तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिलात, तरी तिथं हसू आणि धास्ती एकाच दृश्यात कशी नांदते ते हाती लागत नाही.

मी संकलक आहे, त्यामुळे उत्तर एडिट टेबलवरून देतो. तुम्ही पाठवलेला गोषवारा वाचून माझं मत असं झालं की बिघाड मध्यंतरानंतरच्या पानांत नाहीच, तो पहिल्या दहा पानांत आहे. तुमचा शेजारी तिथं काहीच करत नाही. भाडेकरू येतो, बेल वाजवतो, आत शिरतो, चिकटतो. शेजारी आपला बिचारा सज्जन. आता सज्जन माणसाला कुणी छळायला लागलं की प्रेक्षक किती वेळ हसणार? पहिले दोन-तीन प्रसंग गंमत म्हणून जातात, मग त्याला सज्जनाची काळजी वाटायला लागते. काळजी वाटली की हसू गेलंच. नकोशी मैत्री आधी थोडीशी हवीशी असावी लागते. दार आतून उघडलेलं असावं लागतं, आणि ते कोणी, कशापायी उघडलं हे प्रेक्षकानं डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. या जातीचे जे चित्रपट जमलेत, ते सगळे मला इथं एकमताचे दिसतात.

'द केबल गाय'चीच सुरुवात बघा. १९९६चा चित्रपट, दिग्दर्शक बेन स्टिलर. मॅथ्यू ब्रॉडरिकचा स्टीव्हन मैत्रिणीला लग्नाची मागणी घालतो आणि ती त्याला घराबाहेरचा रस्ता दाखवते. नवा फ्लॅट, एकटेपण, बंद टीव्ही. मित्रानं, म्हणजे जॅक ब्लॅकनं, कानमंत्र दिलेला असतो: केबल जोडायला येणाऱ्याच्या हातावर ५० डॉलर ठेव, सिनेमाची चॅनेल्स फुकटात सुरू करून देतो. जिम कॅरीचा केबलवाला येतो, काम करतो, आणि स्टीव्हन चाचरत तो विषय काढतो. कॅरी आधी कायद्याचा धाक घालतो, स्टीव्हनचा चेहरा पडतो, मग कॅरी सगळं थट्टेवारी नेतो आणि चॅनेल्स देऊन टाकतो.

एवढ्याशा प्रसंगात पुढचा सगळा चित्रपट आहे. स्टीव्हनला काहीतरी फुकटात हवं होतं, ते मिळालं, आणि त्यासोबत तो मिंधा झाला. 'मला तुझी ओळख नको' असं म्हणायचा त्याचा हक्क त्याच क्षणी कमी झाला. थट्टेत का होईना, केबलवाल्यानं त्याचा छोटासा गुन्हा पकडलेलाही आहे. केबलवाला ही व्यक्तीच मोठ्या हुशारीनं निवडलीय. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात गच्चीगच्चीवरून वायरी टाकणाऱ्या केबलवाल्याशी कुणी वाकड्यात जात नसे. क्रिकेटच्या ऐन मॅचला चित्र गेलं तर करायचं काय? ज्याच्या हातात आपली छोटी-मोठी गरज आहे, त्याच्याशी माणूस गरजेपेक्षा दोन शब्द गोड बोलतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, तशी ती इथं कथानक चालवते.

लगेच पुढचा प्रसंग सॅटेलाइट डिशचा. केबलवाला स्टीव्हनला त्या प्रचंड डिशपाशी नेतो आणि फोन, टीव्ही, कॉम्प्युटर उद्या एकच होणार असं भविष्य रंगवून सांगतो. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो, कारण तो जवळजवळ सरळ आहे. स्टीव्हन खरोखर ऐकतोय, त्याला बरं वाटतंय. मैत्रीण गेल्यावर कोणीतरी पहिल्यांदा त्याच्याशी इतकं मन लावून बोलतंय. संकलकाला अशा ठिकाणी मोह होतो की हे कापावं, वेग वाढवावा, पुढच्या धमालीकडे जावं. पण ही संध्याकाळ कापली तर पुढची सगळी लोचटगिरी अधांतरी होते. तुमच्या गोषवाऱ्यात अशी संध्याकाळ नाही. भाडेकरू आणि शेजारी यांनी एकत्र घालवलेला, दोघांनाही खरंच आवडलेला एक तास तुम्हाला लिहावा लागेल. तो चांगल्यापैकी लांब लिहा, त्यात विनोदाची पेरणी करू नका.

यानंतर तो चित्रपट काय करतो, तर प्रत्येक पायरीवर त्रास आणि उपकार एकत्र बांधून देतो. न बोलावता बास्केटबॉलच्या खेळात घुसून कॅरी सगळ्यांचा विचका करतो, तो नुसता त्रास. आन्सरिंग मशीनवर निरोपांची रांग लावतो, तोही त्रास. पण मग तो मोठा टीव्ही आणि कराओकेचा सगळा सरंजाम स्टीव्हनच्या घरात आणून बसवतो. स्टीव्हन 'हे मला घेता येणार नाही' म्हणतो खरा, पण पार्टी होऊ देतो. रॉबिन, म्हणजे ती मैत्रीण, एका माणसाबरोबर जेवायला गेलेली असते. त्या माणसाला, म्हणजे ओवेन विल्सनला, कॅरी रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात गाठून बदडतो. मग रॉबिनच्या घरी फुकट चॅनेल्स जोडून देतो आणि ही स्टीव्हनची भेट आहे म्हणून सांगतो. रॉबिन विरघळते. म्हणजे एक अनोळखी माणूस मार खातो आणि त्याचं फळ स्टीव्हनच्या पदरात पडतं, त्याला पत्ताही नसताना. प्रेक्षकाला मात्र पत्ता आहे. आता प्रेक्षक स्टीव्हनची नुसती कीव करू शकत नाही, कारण त्याचं भलंही याच माणसामुळे चाललंय. हसू टिकतं ते या अवघडलेपणावर.

तुमच्या भाडेकरूच्या कारवायांची यादी मी पाहिली. पार्किंग अडवणं, रात्री बेल वाजवणं, मुलाला शाळेतून परस्पर आणणं, ऑफिसात टपकणं. यात शेजाऱ्याचा फायदा कुठंच नाही. निम्म्या प्रसंगांत फायदा घाला. सोसायटीच्या सभेत शेजाऱ्याचं अडलेलं काम भाडेकरूनं आवाज चढवून करून घेतलं, किंवा गावाकडून आलेल्या वडिलांना रात्री दवाखान्यात त्यानंच नेलं, असं काही. उपकार खरा हवा, नाटकी नको. उपकार जितका खरा, तितकी पुढची 'नाही' म्हणायची चोरी मोठी. मुलाला शाळेतून परस्पर आणण्याचा प्रसंग मात्र काढून टाका. मूल धोक्यात आलं की प्रेक्षकाच्या मनात दुसरं काही उरत नाही. तिथून विनोदाकडे परत येण्याची वाट मी तरी कधी पाहिलेली नाही.

आता चेहऱ्याबद्दल. माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटाचं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

दृश्यात एक माणूस अंगावर येतोय आणि दुसरा ते सहन करतोय. कॅमेरा कोणावर ठेवायचा? शूटिंगला सगळ्यांचं लक्ष अंगावर येणाऱ्यावर असतं. नट मोठा, त्याच्या करामती मोठ्या, प्रत्येक टेक वेगळा. टेबलवर बसल्यावर कळतं की करामतीनं प्रेक्षक चकित होतो, हसतो मात्र सहन करणाऱ्याकडे बघून. स्टीव्हनच्या आईवडिलांच्या घरचा प्रसंग आठवा. स्टीव्हन घरी पोचतो तर हा माणूस आधीच तिथं घरचा होऊन बसलाय. मग सगळे मिळून शब्द ओळखण्याचा खेळ खेळतात आणि तो अश्लील शब्दांकडे वळतो. घरचे खूष, रॉबिन खूष, एकटा स्टीव्हन आतल्या आत जळतोय. ब्रॉडरिक इथं जवळजवळ काही करत नाही. सभ्य हसू ओठांवर धरून ठेवतो आणि ते हळूहळू आंबट होत जातं. शेवटी कॅरी त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलतो आणि हात उचलतो तो स्टीव्हन. घरच्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरतो तोही स्टीव्हनच.

अशा जागी कट अर्धा सेकंद, म्हणजे बारा फ्रेम, अलीकडे-पलीकडे झाला की रस बदलतो. सभ्य हसू तुटण्याआधी कापलं तर प्रेक्षक हसतो, कारण माणूस अजून निभावून नेतोय. हसू तुटून डोळ्यांत भीती दिसेपर्यंत थांबलात तर तोच शॉट भयपटाचा होतो. दोन्ही लागतात, कुठं कोणतं हे ठरवावं लागतं. लेखक म्हणून तुम्ही हे कागदावर करू शकता: प्रत्येक प्रसंगात शेजारी अजून शिष्टाचार पाळतोय की त्यानं तो सोडलाय, हे समासात लिहून ठेवा. मध्यंतरानंतर तुमच्याकडे शिष्टाचार कुठंच नाही. शेजारी ओरडतो, पोलिसांत जातो, कुलूप बदलतो. त्यानं तोंड उघडलं आणि विनोदाची दोरी तुटली. त्याला शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत सभ्य ठेवा. सभ्य राहण्याचं कारण मात्र दर वेळी नवं द्या: आज पाहुणे आहेत, आज बायको भाडेकरूची बाजू घेतेय, आज तो आजारी आहे.

बायकोवरून आठवलं. भोवतालच्या माणसांना तो नकोसा माणूस आवडला पाहिजे. १९९१च्या 'व्हॉट अबाउट बॉब?'मध्ये बिल मरेचा रुग्ण सुट्टीवर गेलेल्या मनोविकारतज्ज्ञाच्या मागे थेट त्याच्या तळ्याकाठच्या घरापर्यंत येतो आणि डॉक्टरचं सगळं कुटुंब त्याच्या प्रेमात पडतं. वेडा होत जातो तो रिचर्ड ड्रायफसचा डॉक्टर. तुमच्या सोसायटीत सगळ्यांना भाडेकरूचा वैताग आहे, म्हणजे शेजारी एकटा पडतच नाही. सोसायटीच्या काकूंना, वॉचमनला, सासूबाईंना तो देवमाणूस वाटू द्या.

दुसरा मोठा निर्णय: चित्रपट कोणाच्या बाजूनं बघायचा? 'केबल गाय' पिडल्या गेलेल्याच्या खांद्यावरून बघतो. १९८२चा मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द किंग ऑफ कॉमेडी' नेमका उलट. रॉबर्ट डी निरोचा रूपर्ट पपकिन टीव्हीवरच्या लोकप्रिय सूत्रधाराला, जेरी लँगफर्डला (जेरी लुईस), चाहत्यांच्या गर्दीतून सोडवतो आणि त्याच्या गाडीत शिरतो. इथंही आधी उपकार आहे. जेरी त्याला वाटेला लावायला म्हणून सांगतो की ऑफिसला फोन कर. आपण रोज करतो तसलाच सभ्य नकार. रूपर्ट तो होकार म्हणून घरी घेऊन जातो, आणि इथून अपहरणापर्यंतची वाट मोकळी होते.

संकलक म्हणून मी या चित्रपटाकडे वारंवार जातो. थेल्मा स्कूनमेकर यांचं संकलन आहे. रूपर्टची दिवास्वप्नं आणि त्याचं खरं जगणं यांत चित्रपट कुठलीही खूण ठेवत नाही. चित्र धूसर होत नाही, संगीत बदलत नाही. रेस्टॉरंटमध्ये जेरी रूपर्टला 'माझा कार्यक्रम काही आठवडे तू सांभाळ' म्हणून विनवतोय, आणि साध्या कटनं आपण तळघरात येतो, जिथं रूपर्ट दोघांचे संवाद एकटाच म्हणतोय आणि वरून आईचा आवाज येतोय. त्या कटला हसू येतं आणि त्याच कटला पोटात गोळाही येतो, कारण रूपर्टच्या डोक्यात या दोन जगांमध्ये भिंत नाही हे आपल्याला कळतं. कॅमेराही बहुतेक स्थिर आहे. कुणी आपल्याला डोळा मारून 'हे बघा, वेडा' असं सांगत नाही. पुढे रूपर्ट एका मैत्रिणीला घेऊन जेरीच्या घरी न बोलावता जाऊन धडकतो. त्या प्रसंगात जेरी पहिल्यांदा सभ्यपणा बाजूला ठेवतो, आणि हसू तिथं मुद्दाम थांबवलेलं आहे. एका चित्रपटात अशी एखादीच जागा परवडते.

अँड्र्यू डीयंगचा 'फ्रेंडशिप', २०२४ साली टोरोंटो महोत्सवात दाखवला गेलेला, याच वाटेनं जातो. टिम रॉबिन्सनचा क्रेग चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल द्यायला शेजारी जातो आणि तिथं पॉल रड आहे, टीव्हीवर हवामान सांगणारा, रुबाबदार, मित्रांच्या गराड्यातला. इथं दार शेजाऱ्यानंच सताड उघडलंय. तोच क्रेगला रात्री भटकायला नेतो, मित्रमंडळीत बोलावतो. मग एका संध्याकाळी गंमत म्हणून मुष्टियुद्ध चालू असताना क्रेग त्याला बेसावध गाठून गुद्दा मारतो, सगळे गप्प होतात, आणि माफी म्हणून क्रेग स्वतःच्याच तोंडात साबण कोंबतो. त्यानंतर यजमान शांतपणे मैत्री संपवतो. या प्रसंगात क्रेग दुष्ट नाही. त्याला मर्यादा कळत नाहीत, आणि आपण बिघडवलंय एवढंच कळतं. नकोशा मित्राच्या बाजूनं चित्रपट बघायचा तर हीच किल्ली आहे: त्याला स्वतःच्या प्रत्येक कृतीचं कारण पटलेलं असलं पाहिजे.

तुमच्या गोषवाऱ्यात पहिला अर्धा भाग शेजाऱ्याच्या बाजूनं आहे आणि मध्यंतरानंतर आपण एकदम भाडेकरूच्या घरात शिरतो. तिथं भिंतीवर शेजाऱ्याचे फोटो लावलेले आहेत. मनापासून सांगतो, ते फोटो काढा. भिंतभर फोटो दिसले की प्रेक्षक 'सायको' हा शिक्का मारून मोकळा होतो, आणि एकदा शिक्का बसला की भाडेकरू माणूस म्हणून संपला. 'केबल गाय'मध्ये त्या माणसाच्या भूतकाळाचा एकच छोटा तुकडा आहे: आई बाहेर निघालीय आणि पोरगं टीव्हीपुढं एकटं बसलंय. त्याची नावंसुद्धा जुन्या मालिकांतली पात्रं आहेत, चिप डग्लस काय आणि लॅरी टेट काय. चित्रपटभर टीव्हीवर एका खुनाचा खटला चालू असतो आणि सगळं गाव तो बघत बसलेलं असतं. म्हणजे एकटेपणाचा रोग फक्त या माणसाला झालेला नाही, त्याला तो जास्त झालाय. तुमच्या भाडेकरूच्या घरात फोटोंऐवजी काय असेल याचा विचार करा. दोन माणसांचं ताट वाढून ठेवलेलं असेल, तरी पुरे.

नटाच्या निवडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहितो, कारण 'केबल गाय'ला सगळ्यात मोठा फटका तिथं बसला. कॅरीचे १९९४ साली 'एस व्हेंचुरा', 'द मास्क' आणि 'डम अँड डम्बर' हे तीन चित्रपट लागोपाठ चाललेले. यासाठी त्याला २ कोटी डॉलर मिळाले, त्या काळी विनोदी नटासाठी विक्रमी रक्कम, आणि चर्चा त्या आकड्याचीच झाली. लोक तोंडं वेडीवाकडी करणारा लाडका कॅरी बघायला आले आणि समोर बोबडं बोलणारा, आतून पोखरलेला माणूस उभा राहिला. जगभरात सुमारे १० कोटी डॉलर जमवूनही चित्रपट पडला अशीच बोलवा झाली. त्याची कदर नंतर हळूहळू वाढत गेली. माझ्या मते कॅरीची निवड चुकली नव्हती, जाहिरात चुकली. लाडका नट घेतला तर प्रेक्षक भाडेकरूला पहिली वीस मिनिटं सगळं माफ करतो, हा तुमचा फायदा. पण मग पोस्टर आणि ट्रेलर यांत कडवटपणाचा अंदाज प्रामाणिकपणे द्या. आणि शेजाऱ्यासाठी तितकाच तगडा नट घ्या. निर्माते इथं पैसे वाचवतात आणि टेबलवर आमच्या हाती कापायला चेहराच उरत नाही.

राहता राहिला शेवट. भाडेकरूला पोलीस नेतात, शेजारी सुटकेचा श्वास टाकतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात शेजाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही. नव्या मसुद्यात पहिल्या दहा पानांत तो जे फुकटात घेईल, त्याचं पुढे काय होतं? पोलीस यायला हवेत तर येऊ द्या, पण जबानी देताना शेजाऱ्याला विचारू द्या की हा तुमचा कोण, आणि सोसायटीची सगळी मंडळी दारात उभी असू द्या. तो काय उत्तर देतो ते आधी ठरवा आणि मग पहिलं पान पुन्हा लिहायला घ्या. नव्या मसुद्याचं वाचन ठेवाल तेव्हा भाडेकरूचे आणि शेजाऱ्याचे संवाद दोन वेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. शेजाऱ्याच्या वाट्याला जिथं नुसतं "हो, या ना" एवढंच आहे, तिथं मंडळी हसतात का, ते बघा.